बाहुली चार वर्षं मीच धरली

रिपोर्ट माझ्या नवऱ्याचा होता. बाहुली मात्र चार वर्षं मी धरली.

ज्यांना 'देवाची वेळ आली की सगळं होतं' असं काही गोड वाचायचं असेल, त्यांनी इथंच थांबलेलं बरं. मी रागात आहे आणि तो राग झाकणार नाही. झाकून झाला पाच वर्षं. माझ्यासारखी एखादी बाई कुठल्या तरी दवाखान्याच्या बाकावर मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसली असेल, तिच्यासाठी हे लिहून राहिले. बाई गं, तुला राग येतो ना? मग तू वेडी नाहीस.

मी सुषमा, वय चौतीस. नांदेडला राहते आणि नायगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, रोज बसनं जा-ये. नवरा विनोद वीज कंपनीत आहे. सासर लातूरचं. सासरे वारले, सासूबाई एकट्या असतात. आम्ही ख्रिस्ती. विनोदच्या आजोबांपासून लातूरच्या ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घराणं आहे, तिथंच आमचा नाताळ व्हायला हवा असा सासूबाईंचा दंडक. दरवर्षी आम्ही जातो आणि दरवर्षी मी परत येताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसते.

ज्या दिवशी कळलं

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा आम्ही नांदेडच्या एका डॉक्टर मॅडमकडं गेलो. माझ्या तपासण्या झाल्या, एक-दोन नाही, ढीगभर. सगळ्या बऱ्या. मग मॅडम म्हणाल्या, ह्यांचीही करून घेऊ. विनोद चार महिने टाळत होता. कधी लाईन बिघडली, कधी साहेबांचा फोन. शेवटी केली.

मॅडमनी कागद आधी माझ्यापुढं ठेवला, मग उचलून त्याच्यापुढं सरकवला. "तुमच्यात शुक्राणूंचं प्रमाण फार कमी आहे," त्या सरळ म्हणाल्या. "ह्यात लाज वाटायचं काही नाही. उपाय आहेत." विनोदनं कागदाची घडी घातली, परत घातली, पार तिकिटाएवढी केली आणि खिशात टाकली.

खाली स्कूटर काढताना तो म्हणाला, "सुषमा, घरी नको सांगू. आईला तर बिलकुल नको."

त्याचा चेहरा असा झाला होता की मला त्याची कीव आली. मी म्हटलं, "बरं."

एवढंच. एक 'बरं'. मी स्वतःला विचारते, का म्हणालीस गं? शाळेत कुणी चूक नसताना मार खाऊन घेतला तर मी त्याला वर्गाबाहेर नेऊन समजावते. स्वतःच्या वेळी अक्कल कुठं गेली होती? प्रेम होतं. खोटं कशाला बोलू, अजून आहे. पण त्या प्रेमाची शिक्षा एकटीला भोगावी लागेल हे मला तेव्हा कळलं नाही.

बाहुली

आता हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्या मंडळीत नाताळाच्या आदल्या संध्याकाळी बाळ येशूचा पाळणा म्हणतात. लाकडी पाळणा वेदीपाशी ठेवतात, त्याला झेंडूच्या माळा. महिला मंडळाच्या बायका भोवती उभ्या राहून गातात आणि एक बाई मागच्या दारापासून बाहुली घेऊन येते, ती पाळण्यात ठेवते. ती बाई कोण? जिला लेकरू नाही ती. कुणी सुरू केलं माहीत नाही. पण म्हणतात, अमकीच्या हाती दिली, पुढच्या नाताळाला तिच्या मांडीवर खरं लेकरू होतं. ज्या बाईला झालं तिची साक्ष होते, म्हणजे देवानं काय केलं ते ती सगळ्यांपुढं सांगते, टाळ्या होतात. जिला झालं नाही तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. तिला फक्त परत बाहुली देतात.

मला चार वर्षं दिली.

ती बाहुली वर्षभर आमच्याच लातूरच्या घरी असते. सासूबाई महिला मंडळाच्या जुन्या सभासद, म्हणून तिची जबाबदारी त्यांच्याकडं. जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटात चादरींच्या खाली ठेवलेली असते. गोरी, निळ्या डोळ्यांची, नाकाचा टवका उडालेली. पहिल्या वर्षी मी ती खरोखर भक्तीनं धरली. डोळे मिटून मागितलं. दुसऱ्या वर्षी बायकांची कुजबूज ऐकू आली. तिसऱ्या वर्षी एक म्हातारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मनात कुणाबद्दल कडू हाय का गं तुज्या? कडू असलं की देव देत न्हाई." चौथ्या वर्षी बाहुली घेऊन चालताना मी पुरुषांच्या बाजूला बसलेल्या विनोदकडं बघितलं. तो गीतांच्या वहीत गाणं शोधत होता. आपल्या पाळण्याचं गाणं पाठ नाही असा माणूस मंडळीत एक नाही!

दवाखान्याचा बाक

मॅडमकडच्या त्या बाकावर बसणाऱ्या बायका एकमेकींकडं बघत नाहीत. हदगावची असो, धर्माबादची असो, सगळ्या समोरच्या भिंतीवरच्या गुबगुबीत बाळाच्या फोटोकडं बघतात. तो फोटो तिथं लावायची बुद्धी कुणाला झाली, त्याला मला एकदा भेटायचंय.

सकाळी सुया, मग बस, मग शाळा. एकदा सकाळी सोनोग्राफी करून गेले आणि दुपारी दहावीला प्रजननाचा धडा शिकवला. फळ्यावर आकृती काढली, नावं दिली, बाण काढले. मुली पुस्तकात तोंड घालून हसत होत्या. मी म्हटलं, "हसू नका, लक्ष द्या, हे वाटतं तेवढं सोपं नसतं." माझा आवाज इतका करडा निघाला की पुस्तकातली सगळी तोंडं वर आली.

मागच्या वर्षी डिसेंबरच्या मध्यावर मॅडमनी टेस्ट ट्यूबचा गर्भ आत ठेवला. एकच चांगला तयार झाला होता. चौदा दिवसांनी रक्त तपासायचं, म्हणजे नाताळ बरोबर मधे. मी विचारलं, लातूरला जाऊ का नको? मॅडम म्हणाल्या, "प्रवासानं काही होत नाही. रोजची इंजेक्शनं चुकवू नका आणि डोक्याला ताप करून घेऊ नका." मला हसूच आलं. लातूरला जायचं आणि डोक्याला ताप नाही!

मी विनोदला म्हटलं, "यंदा इथंच राहू."

"आई एकटी हाय गं. लोक काय म्हणतील?"

"मग मी येते. पण बाहुली धरणार नाही. आणि का धरणार नाही ते तू आईला सांगायचं. खरं सांगायचं."

"सांगतो."

"कधी?"

"नाताळाच्या आधी सांगतो ना! शपथ घेऊ का आता?"

मला त्या नाताळात एवढंच हवं होतं. बाळ देणं त्याच्या हातात नव्हतं. तोंड उघडणं होतं.

डावी का उजवी

लातूरच्या घरात करंज्यांचा घाणा चालला होता, ओसरीवर कागदी तारा टांगला होता आणि जो येईल तो माझ्या पोटाकडं बघत होता. कुणी विचारायचं, "काय, गोड बातमी?" कुणी नुसतंच डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू करायचं, मी हातात पीठ घेऊन उभी. मंडळीच्या एक काकू मला शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी सांगायच्या, ज्यांना उतारवयात लेकरं झाली. मी म्हटलं, "काकू, म्हणजे मी नव्वदीपर्यंत थांबू का?" सासूबाईंनी मागून चिमटा काढला.

इंजेक्शन रोज संध्याकाळी पाचला. तेलाचं, जाड सुईचं, कमरेखाली. नांदेडला विनोद द्यायला शिकला होता, पण आईच्या घरात त्यानं सुई काढली आणि परत डब्यात ठेवली. मग शेजारच्या मठपती मावशींना विचारलं. मावशी लिंगायत, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. पाचच्या ठोक्याला यायच्या, कपाळाला भस्म, हातात कापसाची डबी. दार लावायच्या आणि विचारायच्या, "डावी का उजवी?" बस. कशाचं इंजेक्शन, कधीपासून, कुणात दोष, एक शब्द नाही. टोचून झालं की चोळत बसायच्या, कारण तेलाच्या गाठी होतात. त्या दहा मिनिटांत त्या त्यांच्या मांजरीच्या खोड्या सांगायच्या. त्या अख्ख्या नाताळात मला देव कुठं भेटला असेल तर त्या दहा मिनिटांत.

विनोदला मी रोज नजरेनं विचारायची. तो रोज नजरेनं 'उद्या' म्हणायचा.

आदली संध्याकाळ

प्रार्थनेच्या चिठ्ठ्या वाचायची आमच्याकडं पद्धत आहे. ज्याला जे मागायचंय त्यानं चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं, पाळक, म्हणजे आमचे पाद्री, मोठ्यानं वाचतात आणि सगळी मंडळी त्यासाठी प्रार्थना करते. कुणाचा गुडघा, कुणाची नोकरी, कुणाचा दारुडा भाऊ. पाळकांनी चौथी चिठ्ठी उघडली. "आमची सून सुषमा हिच्या टेस्ट ट्यूबच्या इलाजाला यश यावं आणि तिची कूस उघडावी."

माईकवर. बाहेरच्या मंडपातसुद्धा कर्णा होता.

सासूबाईंची चिठ्ठी. त्यांना वाईट करायचं नव्हतं, हे मला आज कळतं. त्यांचा हिशेब साधा, जितकी तोंडं मागतील तितकं जोरात ऐकू जाईल. पण तेव्हा मला वाटलं, कुणी भर चौकात माझं लुगडं फेडलं. सुनेची कूस! आणि पोराचं काय? इलाज चालू आहे एवढंच सासूबाईंना माहीत होतं; दोष कुणात, ते विनोदनं सांगितलंच नव्हतं.

तोवर पाळकबाई, म्हणजे पाळकांच्या पत्नी, मागच्या दारापाशी बाहुली घेऊन उभ्या. "सुषमाताई, विश्वासानं पुढं या."

मी बसून राहिले. सासूबाई कानाशी आल्या. "ऊठ की! समदे बगून राहिले."

"तुम्हाला विनोद काही बोलले नाहीत?"

"काय बोलायचं व्हतं? ऊठ आधी. नाटकं करू नगं."

उठले. बाहुली घेतली. बायकांनी पाळणा सुरू केला. मी मधल्या वाटेनं अर्ध्यावर आले आणि माझे पाय डावीकडं वळले, पुरुषांच्या बाजूला. ठरवून नाही, देवाशपथ. चार रांगा ओलांडून मी विनोदसमोर जाऊन उभी राहिले आणि बाहुली त्याच्या मांडीवर ठेवली.

"यंदा तू धर," मी म्हटलं.

गाणं मधेच विरलं. नवऱ्याला चारचौघांत 'तू' म्हटलं म्हणून जास्त धक्का बसला का बाहुलीमुळं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. विनोदचे कान लाल झाले. तो माझ्याकडं बघत होता आणि मी मनात म्हणत होते, बोल. आता तरी बोल. कर्णा आहे, माईक आहे, सगळी मंडळी आहे, एकदा बोल आणि सुटू दोघं.

तो उठला. बाहुली घेऊन वेदीपर्यंत गेला, पाळण्यात ठेवली, जागेवर येऊन बसला. आणि गीतांची वही उघडली.

आणि पाळकबाईंनी माईक घेतला. "केवढी सुंदर साक्ष! नवरा-बायको दोघांनी मिळून विश्वासानं ओझं उचललं. टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. अगं आई गं! मला वाटलं, पाळणाच उचलून आपटावा.

नाताळ

नाताळाच्या दिवशी नवी साडी नेसून, पाहुण्यांना केक कापून देऊन झाल्यावर मी त्याला गच्चीवर गाठलं.

"मला जमलं नाही," तो म्हणाला.

"मला जमतं? चार वर्षं मला कसं जमलं रे? मी काय दगडाची आहे? तुझी इज्जत मी माझ्या पदराखाली झाकली. माझी कुणी झाकली?"

"लोक मला नामर्द म्हणतील, सुषमा."

"मला वांझ म्हणतात. रोज म्हणतात. तू ऐकतोस आणि करंजी खातोस."

तो रडायला लागला. मी जवळ गेले नाही. बाई रडली की तिच्यात विश्वास कमी, आणि पुरुष रडला की बायकोनं पाणी आणून द्यायचं. नाही दिलं मी पाणी.

तिसरा दिवस

नाताळाच्या तीन दिवसांनी सकाळी लातूरच्याच एका लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्ट दुपारनंतर मोबाईलवर येणार होता. त्याच दिवशी दुपारी आमच्या घरी महिला मंडळाची आभार प्रार्थना, सासूबाईंनी आधीच बोलावून ठेवलेली. मी म्हटलं, आज नको. त्या म्हणाल्या, "आजच पायजे. बातमी आली की समद्याच इथं असतील."

सात बायका सतरंजीवर बसलेल्या. विनोद स्वयंपाकघरात चहा गाळत होता. माझा मोबाईल वाजला. मी उघडला. आकडा बघितला. विज्ञानाची बाई आहे, कुणाला विचारावं लागलं नाही.

"न्हाई?" सासूबाईंनी विचारलं.

मी मान हलवली.

मग पाळकबाई म्हणाल्या, "देवाची परीक्षा असते. विश्वास कुठं डळमळला असेल तर..." आणि सासूबाई फुटल्याच. "तरी मी म्हणत व्हते, बाहुली धर! हट्ट केलास. आवंदा देवानं दिलं असतं. तुज्या रागानं घालवलंस लेकरू!"

मी त्या घटकेला उठून कायमची नांदेडला गेले असते. पर्ससुद्धा हातात घेतली होती.

"आई."

विनोद स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. हातात चहाची गाळणी, तिच्यातून चहा फरशीवर ठिबकत होता.

"आई, तिच्यात काही दोष न्हाई. माझ्यात हाय. पाच वर्षं झाली. मीच तिला म्हणलो, सांगू नको. तिनं माझ्यापायी ऐकून घेतलं." मग तो पाळकबाईंकडं वळला. "हे बी चिठ्ठीवर लिहा. माझ्या नावानं लिहा. कर्ण्यावर वाचा."

आवाज फाटला होता त्याचा, पण बोलला. पाच वर्षं उशिरा आणि माझं लेकरू गेलेल्या दुपारी, पण बोलला. मी त्याला माफ केलं का? त्या क्षणी नाही. पर्स मात्र खाली ठेवली.

बायका चहा न घेताच उठल्या. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या, पदराचा कोपरा तोंडात.

आणि पाचच्या ठोक्याला मठपती मावशी आल्या. त्यांना काय माहीत? हातात कापसाची डबी. मला आत नेलं, दार लावलं आणि विचारलं, "डावी का उजवी?"

मी म्हटलं, "मावशी, आता कुठलीच नको."

आणि मग मी रडले. पाच वर्षांचं रडले. मावशींनी डबी खाली ठेवली आणि टोचायचं काही नसताना कमरेखालच्या गाठी चोळत बसल्या. मांजरीबद्दलही काही बोलल्या नाहीत.

आता

आम्ही अजून प्रयत्न करतोय. यंदा पुन्हा सुया आहेत, पुन्हा बाक आहे. आता विनोद माझ्या शेजारी बसतो, आणि गुबगुबीत बाळाच्या फोटोखाली एखादा नवरा कागदाच्या घड्या घालताना दिसला की उठून त्याच्याशी बोलायला जातो. काय बोलतो ते मी विचारत नाही.

देवाशी माझं भांडण आहे. प्रार्थना करते, पण आता आवाज चढवून करते. पहिल्यासारखं डोळे मिटून, मान खाली घालून मागत नाही. त्याला ऐकू जात असेल तर जाऊ दे. कुणी मला म्हटलं की राग हे पाप आहे, तर मी विचारते, मुकाट्यानं दुसऱ्याला मार खाऊ देणं काय आहे मग?

बाई गं, तुझ्या सणाला तुला जायचं नसेल तर जाऊ नकोस. जावं लागलं तर दार लावून घेणारं एक माणूस शोध. आणि जे लपवायला सांगतात त्यांना 'बरं' म्हणू नकोस. मी म्हटलं होतं.

सासूबाईंनी माझी माफी मागितली नाही. अजून नाही. त्या विषयावर एक शब्द नाही. फोनवर फक्त 'जेवलीस का' विचारतात. मला त्याचाही राग येतो.

यंदा नाताळाला आम्ही पुन्हा लातूरला गेलो. माझं मन नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी पाळकबाई बाहुली न्यायला आल्या. म्हणाल्या, यंदा प्रियंकाला द्यायचं ठरलंय. प्रियंका मंडळीतली नवी सून, लग्नाला दोन वर्षं. पाळकबाईंच्या मागं दारात उभी होती, ओठ चावत. ते ओठ चावणं मला पाठ आहे. मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले, काय बोलायचं ते तोंडात तयार होतं.

पण सासूबाई आधी बोलल्या. "बाहुली न्हाई."

"नाही म्हणजे?"

"उंदरानं खाल्ली. पार कुरतडली. टाकून दिली मी."

"अहो, मग पाळण्यात काय ठेवायचं?"

"गवत ठिवा. येशू गवतातच जन्मला ना?" आणि प्रियंकाकडं बघून म्हणाल्या, "तू कामून उन्हात उबी हाईस? आत ये. करंजी खा."

माझ्या सासूबाई खोटं बोलत नाहीत. भाजीवाल्याशीसुद्धा नाही. त्या माझ्याकडं न बघता आत गेल्या आणि डब्यातून करंज्या काढायला लागल्या.

बाहुली मी त्याच दिवशी सकाळी चादरी काढताना बघितली होती. ओढणीत गुंडाळलेली, नाकाचा तेवढा टवका सोडला तर चांगली धडधाकट.